लावू का?

काकांचं खरं नाव विचारलं तर त्यांच्या बायकोलासुद्धा क्षणभर आठवावं लागेल. अख्खी गल्ली त्यांना लावूकाका म्हणते. नाव त्यांनी स्वतःच्याच तोंडानं ओढवून घेतलं आहे, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

गल्लीच्या टोकाला त्यांचा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं ते आपलं कौतुकानं. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना भिंती, चौथ्या बाजूला दोन फळ्यांचा मोठा दरवाजा. आत मधोमध लाकूड कापायचं कटर मशीन, त्याच्या पलीकडे रंध्याचं मशीन, कोपऱ्यात ड्रिल आणि उरलेल्या जागेत मावतील तेवढी माणसं. यातलं कुठलंही मशीन सुरू करायच्या आधी काका हिरव्या बटणावर अंगठा टेकवून विचारायचे, "लावू का?" मग आत असलेल्या प्रत्येकानं आपापल्या जागेवरून मोठ्यानं "लावा" म्हणायचं. प्रत्येकानं म्हणजे प्रत्येकानं. एक जण जरी गप्प राहिला तरी अंगठा तिथंच थांबायचा.

यातून गिऱ्हाइकंही सुटत नसत. एकदा एक वजनदार गृहस्थ पलंगाची चौकट बघायला आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. काकांनी विचारलं, सगळ्यांनी "लावा" म्हटलं, गृहस्थ गप्प. काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी कशाला म्हणू? मी गिऱ्हाईक आहे," गृहस्थ म्हणाले.

"गिऱ्हाइकाला हात असतातच ना," काका म्हणाले.

गृहस्थांनी शेवटी म्हटलं, पण इतक्या हळू की काकांनी त्यांच्याकडून ते परत म्हणवून घेतलं. गल्लीतली पोरं शाळेतून येताना दरवाज्यातूनच "लावा, लावा" ओरडत, तेव्हा मात्र काका हातातलं काम टाकून त्यांच्या मागे धावत. बाहेरच्या आवाजानं आतला हिशेब चुकतो, आणि हा हिशेब चुकला तर तो बोटांत चुकवावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. तरुणपणी ज्या कारखान्यात ते कामाला होते, तिथं एक माणूस मशीनखाली वाकून भुसा काढत असताना दुसऱ्यानं समोरून बटण दाबलं होतं. दोघंही चांगली माणसं होती, दोघांचंही लक्ष कामात होतं. काका त्यावर याहून जास्त कधी बोलत नसत. स्वतःचा कारखाना काढला त्या दिवशी त्यांनी मशीनची पूजाअर्चा काही केली नाही. बायकोला दरवाज्यात उभं केलं, "लावू का?" विचारलं, आणि ती लाजून काही बोलेना म्हणून बराच वेळ तसेच उभे राहिले.

बाकी नियमही होतेच. लोंबत्या बाह्या चालणार नाहीत, अंगठी चालणार नाही, केस मोकळे चालणार नाहीत. काकू कारखान्यात लाकूड घासायचं काम करत. आत आल्या की त्या पहिल्यांदा बांगड्या काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवत. पात्याजवळ बोट न्यायचं नाही, फळी पुढे सरकवायची ती खाच पाडलेल्या काठीनं. ही ढकलकाठी काका फुकट गेलेल्या तुकड्यांतून स्वतः बनवत, आणि पात्यानं कुरतडलेल्या जुन्या काठ्या नव्या माणसाला हातात देऊन नीट बघायला लावत. ताप असेल तर मशीन बंद, झोप झाली नसेल तर मशीन बंद, घरी भांडून आला असाल तर मशीन बंद. पॉलिश करणारा गडी, ज्याला सगळे चकचक म्हणत, तो एकदा भावाशी भांडून आला होता. काकांनी त्याला अर्धा दिवस पायरीवर बसवून ठेवलं. डोक्यात भांडण असलं की हात भलतीकडे जातो, असं ते म्हणाले. चकचकला ते अजिबात पटलं नाही, पण पायरीवर ऊन छान येत होतं, म्हणून तो बसला.

इतक्या सगळ्या गोष्टींत डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या या माणसानं एका गोष्टीकडे मात्र साफ कानाडोळा केला, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांचेच कान. त्यांच्या मुलानं सगळ्यांसाठी कानावर घालायचे जाड मफ आणले. सगळ्यांनी उत्तर दिल्यावर ते चढवायचे, असं ठरलं आणि सगळे ते पाळू लागले. काकांनी आपला मफ खुंटीला अडकवला तो अडकवलाच. "कान काय पात्यात जातात होय?" असं ते हसत हसत विचारत. शिवाय त्यांना त्यात थोडी शानही वाटे. पात्याची धार गेली का, पुढे लाकडात गाठ आहे का, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं, आणि ते कळतं हे चार लोकांनी बघावं असंही वाटायचं. माणूस गुणी होता, पण गुणी माणसालाही मिरवायचं असतंच.

आवाज कमी व्हायला लागला तेव्हा त्यांना ते समजलंच नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांना वाटलं. घरी टीव्हीचा आवाज वाढत गेला, शेजाऱ्यांना घरात बसून बातम्या फुकट मिळू लागल्या, तेव्हा काकूंनी त्यांना कान तपासायला नेलं. तिथं एका बंद काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बटण हा तर काकांचा हातखंडा. त्यांनी झोकात दाबायला सुरुवात केली.

"आजोबा, आत्ता आवाज नव्हता," तपासणारी मुलगी काच सरकवून म्हणाली.

"आला की."

"नव्हता आजोबा. बराच वेळ मी काहीच वाजवलेलं नाही."

काकांनी हातातल्या बटणाकडे बघितलं. त्यांना खरोखर ऐकू आला होता. आता येईल असं वाटलं आणि आला.

मशीनच्या आवाजानंच कान गेलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि कानामागे लावायचं छोटं यंत्र दिलं. घरी त्याचा चांगला उपयोग झाला. इतकी वर्षं काकू पाठमोऱ्या होऊन काय काय पुटपुटत होत्या ते सगळं एकदम कळू लागलं, आणि ऐकू न येण्यातही एक सुख होतं हे काकांच्या लक्षात आलं. कारखान्यात मात्र ते यंत्र निरुपयोगी ठरलं. घासण्याचा, ठोकण्याचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज एकमेकांत मिसळून नुसता कालवा व्हायचा, आणि माणसाचा शब्द त्यात कुठे बुडायचा ते समजायचं नाही. काकांनी ते काढून खिशात ठेवलं. घरी कुणी विचारलं तर ते सांगत, कारखान्यात मला लागत नाही.

खरं म्हणजे कारखान्यातच लागत होतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

त्यांना भीती मशीनची नव्हती. मशीन सुटलं तर आपण इथं कोण, याची होती. दारात स्टूल टाकून बसलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले विचारणारी म्हातारी माणसं त्यांनी पाहिली होती. लोक त्यांच्याशी फार प्रेमानं बोलतात आणि त्यांना विचारत मात्र काहीच नाहीत. बटणावरचा अंगठा उचलला की आपलंही तसंच होणार, अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणून त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. विचारायचे ते विचारतच होते. "लावू का?" म्हणायचं, थांबायचं. मग कोपऱ्यातून काकूंचा बारीक आवाज, त्यामागून चकचकचा नाकातून लांबवलेला, आणि शेवटी मशीनजवळून सुनेचा तुटक. "लावा", "लावाऽऽ", "लावा". क्रम वर्षानुवर्षं तोच होता. तो इतका पाठ झाला होता की आवाज पोचला नाही तरी काकांना तो बरोबर त्या वेळी, त्याच क्रमानं ऐकू यायचा.

सुनेबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळे. लग्न होऊन ती घरात आली, काही दिवसांनी डबा द्यायला कारखान्यात आली आणि डबा ठेवून तिथंच रेंगाळली. मला हे शिकवाल का, असं तिनं सरळ विचारलं. काकांनी तिला आधी भरपूर दिवस नुसता भुसा लोटायला आणि "लावा" म्हणायला लावलं. मग एके दिवशी काही न बोलता तिच्या हातात ढकलकाठी दिली. मुलाला मशीनपेक्षा टेम्पो आवडायचा. तो माल पोचवायचा, मापं घेऊन यायचा, आणि बायको आपल्यापेक्षा सरळ कापते हे कुणालाही हसत हसत सांगायचा. काकांनाही ते ठाऊक होतं. तिच्या तोंडावर त्यांनी कधी कौतुक केलं नाही, पण ती नसताना गिऱ्हाइकांचे कान मात्र खाल्ले.

त्या दिवशी सकाळपासून कामाला छान रंग चढला होता. एका शाळेच्या बाकांच्या फळ्या कापायच्या होत्या. लाकूड चांगलं निघालं होतं, त्याचा वास सगळीकडे पसरला होता. काका खुशीत होते. मध्येच कटर मशीनखालचं भुसा पडायचं तोंड तुंबलं, म्हणून मशीन थांबवलं. काका पुढची फळी निवडायला भिंतीकडे गेले, त्यात त्यांना एक सुंदर रेषांची फळी सापडली, ती त्यांनी उलटसुलट करून बघितली. परत येऊन ती मशीनवर ठेवली. मशीनपाशी कुणी दिसत नव्हतं, आणि नजर त्या फळीच्या रेषांवरच होती. अंगठा बटणावर गेला.

"लावू का?"

काकूंचा बारीक, चकचकचा नाकातला, सुनेचा तुटक. सगळे आले. काकांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मशीन मेल्यासारखं पडून होतं. तेवढ्यात मशीनच्या मागून सून उठून उभी राहिली. तिच्या केसांत भुसा होता, आणि उजवा हात कोपरापर्यंत भुशानं माखला होता. ती काहीतरी बोलत होती. काकूंच्या हातातून घासकागद पडला होता. चकचक ब्रश तसाच धरून मध्यावर येऊन पोचला होता.

काकांनी तिच्या हाताकडे बघितलं. मग भिंतीवरच्या मेन स्विचकडे बघितलं. तो खाली ओढलेला होता.

"मेन कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"मी," सून म्हणाली. ती आता त्यांच्या समोर येऊन, त्यांना ओठ दिसतील अशी उभी होती. "हात आत घालायचा होता ना. मी थांबा म्हणाले होते, बाबा."

"भुसा काढताना तू पूर्वी मेन बंद करायची नाहीस. नुसतं सांगायचीस."

ती हाताला चिकटलेला भुसा झटकू लागली. काकांनी काकूंकडे बघितलं, तर त्या पदराशी चाळा करत होत्या. चकचककडे बघितलं, तर तो ब्रशचे केस मोजत होता. आणि मग काकांना एकेक दिसायला लागलं. चकचक हल्ली "लावा" म्हणताना ब्रश वर का करतो. काकूंनी घासायची जागा कोपऱ्यातून पुढे, अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर का आणली. सून खाली वाकायच्या आधी दर वेळी भिंतीपाशी का जाते. सगळ्यांनी आपापल्या परीनं, एकमेकांनाही न सांगता, त्यांना सांभाळून घेतलं होतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," काका म्हणाले.

"अहो, टीव्ही काय आम्हाला ऐकू येत नाही?" काकू जवळ येऊन मोठ्यानं म्हणाल्या.

"आणि तरी मला लावू देत होतात?"

काका भडकले. ते सहसा भडकत नसत, पण भडकले की मग मागंपुढं बघत नसत. ताप आला म्हणून मी माणसाला घरी पाठवतो, भांडून आला म्हणून पायरीवर बसवतो, आणि ज्याला काडीचं ऐकू येत नाही त्याच्या हातात तुम्ही बटण देता. एकानं तरी बोलायचं की नाही. एवढी वर्षं मी काय भुसा शिकवला तुम्हाला.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा," सून म्हणाली.

"वाटू दे की. मला वाईट वाटलं म्हणून बोट जातं का कुणाचं?"

हे म्हणून झालं आणि ते थांबले. बोलता बोलता त्यांनी स्वतःलाच पकडलं होतं. ज्या माणसाला ते इतकं फैलावर घेत होते तो तिथं एकच होता, आणि तो या तिघांपैकी नव्हता. ते पायरीवर जाऊन बसले. चकचकनं त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि शहाण्यासारखा आत निघून गेला. काका ते पाणी तसंच हातात धरून बसले. कापला गेला नव्हता तो हात त्यांना राहून राहून दिसत होता, आणि आपण गप्प राहिलो याची त्यांना मनापासून लाज वाटली.

थोड्या वेळानं ते आत आले. खुंटीवरचा कधीच न वापरलेला मफ काढला, त्यावरची धूळ शर्टाला पुसली आणि सुनेच्या गळ्यात अडकवला. तिचा जुना होऊन सैल झाला होता.

"आजपासून बटण तुझं. सगळ्यांनी म्हटलं की आधी कान झाकायचे, मग दाबायचं."

"हळूहळू बघू ना, बाबा. एकदम कशाला?"

"बटण हळूहळू देता येत नाही. एक तर दिलं, नाही तर नाही."

घरी गेल्यावर त्यांनी कानामागचं यंत्र लावलं आणि जेवताना कारखान्याचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. घरातल्या डगमगणाऱ्या सगळ्या खुर्च्या त्यांनी सरळ केल्या. एक सरळच होती, तिलाही सोडलं नाही. शेवटी काकू कंटाळल्या. "घरातलं फर्निचर वाचवायचं असेल तर तुम्ही कारखान्यात या," त्या म्हणाल्या. "तिथं एका दाराच्या कडा हातरंध्यानं तासायच्या आहेत, मशीनला जमत नाहीत."

हे खरं होतं का काकूंनी रचलं होतं ते काकांनी विचारलं नाही. ते गेले. खिडकीजवळच्या बाकावर दार आडवं घालून ठेवलेलं होतं. त्यांनी हातरंधा काढला, पातं घासलं, धार अंगठ्यावर बघितली आणि कामाला लागले. मशीनकडे मुद्दाम पाठ केली होती. लाकडाचे पातळ वेटोळे बाहेर पडू लागले. हाताला लाकूड कळत होतं, कुठे मऊ आहे, कुठे उलट्या रेषेचं आहे. कानांची इथं गरज नव्हती. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचा थोडा रागही आला. म्हातारपणी बसायला जागा मिळाली म्हणायची, असं ते मनात म्हणाले.

मशीन चालू असलं की ते कानांना नाही तरी पायांना समजायचं. जमीन थरथरायची. आता थरथर थांबली होती. नवी फळी लागत असेल. काकांनी रंधा पुढे सारला, मागे ओढला, परत सारला. कडेवरून रंध्याचा एक फेरा पुरा झाला तरी जमीन गप्पच होती. बिघडलं की काय म्हणून त्यांनी वळून बघितलं.

सगळा कारखाना थांबलेला होता. काकू हात वर करून उभ्या होत्या. चकचकनं ब्रश वर केला होता. टेम्पो घेऊन आलेला मुलगा दारात हात वर करून उभा होता, आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी गिऱ्हाईक, घड्याळ बघत, पण तोही हात वर करून. मधोमध सून, गळ्यात मफ, अंगठा हिरव्या बटणावर. त्या गिऱ्हाइकानं घाईनं काहीतरी विचारलं. सगळ्यांनी म्हटलंय की आता, असं काहीसं असावं. सुनेनं मान हलवली. ती काय म्हणाली ते काकांना ऐकू आलं नाही, पण ओठांवर स्वच्छ वाचता आलं.

"बाबा राहिलेत अजून."

मग ती त्यांच्याकडे बघत राहिली. घाई नाही, हाक नाही. ते पाठ करून बसले होते तेवढा सगळा वेळ ती तशीच उभी असणार.

काका पुरते वळले. त्यांनी रंधा बाजूला ठेवला, हाताचा भुसा झटकला, आणि हात सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"लाव," ते म्हणाले, आणि सुनेनं कान झाकून बटण दाबलं.